सात मऊ, सात कडक

बोटिलाच्या पंचाहत्तरीला सात मऊ आणि सात कडक असे चौदा केक टेबलावर यायचे होते, आणि या वेळी मार्ना ते सगळे खाणार होती. गेल्या चौतीस वर्षांत तिने असल्या टेबलावरचा एक घासही तोंडात घातला नव्हता. तिच्या नवऱ्याला, आस्मुसला, हा बेत मुळीच पसंत नव्हता, आणि नापसंती पोटात ठेवायची सवय त्याला कधीच नव्हती.

आमच्या दक्षिण युटलँडात, डेन्मार्कच्या या टोकाला, कॉफीला बोलावलं म्हणजे चौदा आलेच. तेरा केले तर घरची बाई आळशी, पंधरा केले तर मिजासखोर. पाहुण्याने प्रत्येकातलं चिमूटभर तरी घ्यायचं, नाहीतर ज्या बाईने तो केक भाजला ती वर्षभर तोंड फिरवून बसते. मार्नाला तेवढी माफी होती. तिला मधुमेह होता. तिच्यापुढे कुणी बशी मांडत नसे, तिच्या हातात कॉफीची किटली देत. बारशी, लग्नं, मयतं, कुठलाही प्रसंग असो, ती टेबलाभोवती फिरत सगळ्यांचे कप भरायची, आणि गाव कौतुकाने म्हणायचं की मार्ना असली की कॉफी कधी कमी पडत नाही. असल्या कौतुकाला काय चाटायचंय?

हे सगळं बदललं ते तीन महिन्यांपूर्वी. तिचं जुनं इन्सुलिन, दोन प्रकार एकत्र केलेलं, बनायचंच बंद होणार होतं. ते सकाळी सातला आणि संध्याकाळी सहाला टोचायचं आणि मग दिवसभर त्याच्या मागे धावत खायचं, भूक असो वा नसो. हे धावणं आस्मुसने आपल्या अंगावर घेतलं होतं. एकतीस वर्षं त्याने दुधाचा टँकर चालवला आणि एकाही गोठ्यावर तो पाच मिनिटं उशिरा पोचला नाही, हे तो अजून सांगतो. त्याच घड्याळावर त्याने बायको चालवली. दहाला राय ब्रेडचा, काळ्या पावाचा, अर्धा तुकडा, तीनला एक सुका कुरकुरीत पाव. लोकांच्या लग्नात, भाषण चालू असताना, हा मध्येच उभा राहून म्हणायचा, "मार्नाची वेळ झाली." सगळे माना वळवायचे. ती खाली बघत पर्समधून आपला तुकडा काढायची.

मधुमेह केंद्रातल्या परिचारिकेचं नाव मालेने. मुलगी तिशीची, बोलायला मोकळी.

"आता उलटं करायचं," ती म्हणाली. "सकाळी एकदा दिवसभर पुरणारं घ्यायचं. आणि खायच्या आधी हे झटपट चालणारं, जेवढं खाणार तेवढ्यापुरतं. तुम्ही आधी ठरवायचं, मग इन्सुलिनने तुमच्या मागे यायचं. दहा ग्रॅम कर्बोदकांना एक युनिट."

"आणि केक?" मार्नाने विचारलं. विचारताना तिला लाज वाटली.

"खा की! मोजा आणि खा."

"तिला चालत नाही," आस्मुस म्हणाला.

"आता चालतं," मालेने म्हणाली आणि संगणकाकडे वळली. "आणि हे काही कालपरवाचं नाहीये. तुम्हाला विचारलं होतं ना एकोणीस वर्षांपूर्वी? इथे नोंद आहे."

"मला?"

"हो. बघा ना. नव्या पद्धतीबद्दल पत्र पाठवलं. मग..." तिने वाचलं, आणि वाचून झाल्यावर तिला कळलं की वाचायला नको होतं. "रुग्णाच्या पतीचा दूरध्वनी आला. आहे तेच उपचार चालू ठेवण्याची इच्छा."

आस्मुस मांडीवरच्या टोपीची कड चाचपत बसला.

"चाललं होतं की नीट," तो म्हणाला. "नीट चाललेलं कशाला मोडायचं?"

परतीच्या वाटेवर मार्ना चकार शब्द बोलली नाही. बोलायला लागली असती तर गाडी रस्त्यावर राहिली नसती. तळपायाची आग मस्तकात गेली होती आणि बाहेर सपाट शेतं, एकामागून एक. एकोणीस वर्षांत काय काय झालं ते तिला आठवत राहिलं. सोल्वायचं, त्यांच्या एकुलत्या मुलीचं, लग्न झालं. आपल्या लेकीच्या लग्नाचा केक मार्नाने कापून वाटला आणि सुरी धुऊन ठेवली. चर्चच्या गायकमंडळाबरोबर बेटावर जायचं होतं, तर बोटीवर जेवणाच्या वेळा पाळल्या जाणार नाहीत म्हणून आस्मुसने परस्पर नाव काढून टाकलं. तिच्या आईची नव्वदी झाली. आईने स्वतः केलेला केक पुढे केला होता, "एवढासा घे ग," म्हणून. तिने घेतला नव्हता.

संध्याकाळी तिने सोल्वायला फोन केला. मुलीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आई, खरं सांगू? मी केक आत्याकडेच खायचे. घरी आणला की बाबा ओरडायचे, आईला त्रास होतो म्हणून. माझे सगळे वाढदिवस बोटिलाआत्याकडे झाले असं मला आठवतं. तू कॉफी घेऊन उभी असायचीस."

मार्नाने फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन नवा वजनकाटा खोक्यातून काढला.

पुढचे आठवडे सोपे नव्हते. चौतीस वर्षं जिने घड्याळाकडे बघून खाल्लं, तिला आता भूक लागलीय का हेच ओळखता येईना. बटाटा वजनकाट्यावर, पाव वजनकाट्यावर, लापशी वजनकाट्यावर. गुणाकार चुकायचा. चार ते दहाच्या मध्ये राहायला हवी ती साखर कधी सोळावर जायची, कधी तीनवर आपटायची आणि भर बागेत घामाने अंग भिजायचं. आणि प्रत्येक चुकीला घरात साक्षीदार हजर. दंडावर जो सेन्सर बसवला होता त्याचा आकडा तिच्या मोबाइलवर यायचा, आणि मालेनेने काळजीपोटी तो आस्मुसच्या मोबाइलवरही जोडून दिला होता. मार्नाचं रक्त आता त्याच्या शर्टाच्या खिशात वाजायचं.

"सोळा!" तो गॅरेजमधून ओरडायचा. "काय खाल्लंस?"

"जाम."

"जाम कशाला?"

"आवडतो म्हणून."

हे उत्तर त्याला कळायचं नाही. पन्नास वर्षांच्या संसारात तिने काय आवडतं ते सांगितलं नव्हतं, हाही तिचाच दोष म्हणायचा. पण दुसऱ्या महिन्याच्या शेवटी आकडे ताळ्यावर आले. मालेनेने तक्ता बघून टाळी वाजवली. आस्मुस म्हणाला, "अजून काही झालं नाहीये म्हणून."

पंचाहत्तरीच्या आठ दिवस आधी मार्नाने बोटिलाला, आपल्या नणंदेला, फोन केला आणि चौदाच्या चौदा केकांच्या कृती मागून घेतल्या.

"अग बाई, परीक्षा आहे का?" बोटिला हसली. "तुझ्यासाठी बिनसाखरेचं काहीतरी करायला सांगतोय आस्मुस."

"नको. मी सगळ्यांचं खाणारेय."

बोटिलाने तिकडे रेडिओ बंद केला. मग बोटिला म्हणाली, "त्याला ठाऊक आहे का?"

"माझ्या तोंडाला ठाऊक आहे. तेवढं पुरे."

तिने मैदा मोजला, साखर मोजली, भागाकार केले. प्रत्येकातला पातळसा तुकडा धरला. राय ब्रेडचा क्रीमचा केक बारा ग्रॅम, क्रिंगल, तो वेटोळ्यांचा गोड पाव, अठरा, आणि शेवटी व्हॅनिलाची कडी, बांगडीसारखं कडक बिस्किट, सात. बेरीज झाली एकशे ऐंशी. म्हणजे अठरा युनिट. तिने तीनदा मोजलं, तिन्ही वेळा तेच आलं. गणित अचूक होतं. चूक वेगळीच झाली, आणि ती तिच्यासारखीकडूनच व्हायची. शेकडो टेबलांवर तिने कॉफी ओतली होती, पण एकदाही बसून खाल्लं नव्हतं. किटली घेऊन फिरणाऱ्याला फक्त रिकामे कप दिसतात. चौदा केक हे तिच्या कागदावर एक जेवण झालं होतं. खरं तर ते तीन-साडेतीन तास चालतं.

रविवारी दुपारी गावच्या सभागृहात साठ माणसं जमली. निघायच्या आधी मार्नाने मोबाइलवर दोन बटणं दाबली आणि आस्मुसला आपल्या रक्तातून बाहेर काढलं. मग मोबाइल मुका करून पर्समध्ये टाकला, कारण बोटिलाला भाषणात वाजलेला खपत नाही.

तिच्यापुढे बशी होती. बोटिलाने ती आठवणीने मांडली होती. मार्ना बसली, ब्लाउज कमरेपाशी थोडा वर केला आणि सगळ्यांदेखत इन्सुलिनचं पेन टोचलं. समोरच्या बायांनी एकदम पडद्यांकडे बघायला सुरुवात केली.

"किती घेतलंस?" आस्मुसने दबक्या आवाजात विचारलं.

"माझं मी घेतलं."

"मोबाइलवर तुझं काही दिसत नाहीये."

"मग टेबलाकडे बघ. मी इथेच बसलेय."

आधी लोण्याचे बन आले, ते चौदांत धरत नाहीत, तिने पुढे जाऊ दिले. मग राय ब्रेडचा केक, काळा, मध्ये क्रीम आणि ब्लॅककरंट या आंबटसर फळांचा मुरंबा. पहिला घास घेतला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आनंदाचं म्हणावं तर तसं नव्हतं. इतकं साधं होतं ते! ब्रेड, मलई, मुरंबा. एवढ्यासाठी ती जन्मभर भिंतीला टेकून उभी राहिली होती. तिला कुणाच्या तरी थोबाडीत द्यावीशी वाटली.

दुसरा केक बशीत आला तोवर कप रिकामे झाले होते. कुणी उठलं नाही. साठ जण कप पुढे सरकवून बसले. इकडून तिकडून माना वर झाल्या, आणि सगळ्या फिरून मार्नाकडे आल्या.

"आता तूच बसलीस तर ओतणार कोण ग?" बोटिला हसत म्हणाली.

त्यात वाईट हेतू नव्हता. मार्नाला "तू ओत" म्हणता आलं असतं. पण पाय बिचारे जुन्या वळणाचे, ती उठलीसुद्धा. टेबलाला एक फेरी म्हणजे वीस मिनिटं, कारण प्रत्येक जण तिच्याशी दोन शब्द बोलला. "आज बसलीस म्हणे!" "जपून हं." "सोसतंय ना?" परत येऊन काटा उचलते तोच कुणीतरी ग्लासवर चमचा वाजवला. बोटिलाचा थोरला भाषणाला उभा राहिला. भाषणात आमच्याकडे कुणी घास चावत नाही. बोटिलाचं बाळपण, बोटिलाची सायकल, बोटिलाच्या कोंबड्या. मग गाण्याचे कागद वाटले गेले. वाढदिवसाचं गाणं घरच्यांनीच रचलेलं असतं आणि ते शेवटपर्यंत म्हणायचं असतं. अकरा कडवी होती. बशीतला केक तसाच राहिला, कडक सात तर अजून स्वयंपाकघरात डब्यांत होते, आणि अठरा युनिटं कुणासाठी थांबत नव्हती.

सातव्या कडव्यात अक्षरं कागदावरून सरकायला लागली. मार्नाला वाटलं गाणं संपलं. वाटलं, कप रिकामे आहेत. ती उठली, किटली उचलली आणि मोठ्याने म्हणाली, "अठरा." शेजारची बाई हसली, तिला वाटलं मार्ना ओळ चुकली. "अठरा," मार्ना पुन्हा म्हणाली, आणि किटली पांढऱ्या चादरीवर आडवी झाली, कॉफी सैरावैरा धावली, बाया किंचाळत खुर्च्या मागे ढकलायला लागल्या. मार्ना त्या सगळ्याकडे बघत होती आणि ते आपल्याशी संबंधित आहे असं तिला वाटत नव्हतं. मग ती खाली कोसळली.

शुद्ध नीट आली तेव्हा ती सभागृहाच्या स्वयंपाकघरात बाकावर होती. तोंड ब्लॅककरंटच्या सरबताने चिकट झालं होतं. आस्मुस गुडघ्यांवर बसून ग्लास तिच्या ओठांना लावत होता. ओट्यापाशी बोटिला उभी. बाहेर कुणीतरी हळू आवाजात चादर बदला म्हणत होतं.

"पी. अजून पी," आस्मुस म्हणाला. त्याने तिची पर्स उघडून मोबाइल काढला. "दोन पूर्णांक दोन. अर्धा तास मुक्यानेच इशारे देतोय हा पर्समध्ये. माझ्याकडे असता तर दिसलं असतं मला. दिसलं असतं की नाही?"

"दिसलं असतं," मार्ना म्हणाली. ते खरंच होतं, आणि खरं नाकारायला तिच्यात त्राण नव्हतं.

"मी म्हणत होतो. तीन महिने म्हणतोय. आता उद्या मालेनेला फोन करतो, सांगतो तिला की मोजणं, टोचणं सगळं मी..."

"पत्राचं बोल."

"कुठलं पत्र?"

"एकोणीस वर्षांपूर्वीचं. आज सांग. बोटिलालाही ऐकू दे."

आस्मुसने ग्लास खाली ठेवला. त्याचा चेहरा लाल झाला आणि मग तोंड वेडंवाकडं व्हायला लागलं, म्हाताऱ्या माणसाचं होतं तसं.

"सोल्वाय पाच वर्षांची होती," तो म्हणाला. "मी फेरीवरून आलो तर तू फरशीवर. आणि पोरगी शेजारी बसून लाकडी चमच्याने तुझ्या तोंडात पाक घालतेय. तुझ्या गळ्यात, केसांत, सगळीकडे पाक. मला म्हणाली, बाबा, आई खात नाहीये. मला वाटलं तू गेलीस. त्यानंतर मी ठरवलं की पुन्हा असं होऊ द्यायचं नाही. घड्याळ लावलं. आणि झालं नाही, मार्ना! एकदाही झालं नाही. मग ते पत्र आलं, आता सगळं मोकळं म्हणून, आणि मला तीच फरशी दिसली."

बोटिलाने डोळ्याला रुमालाऐवजी ओटा पुसायचं फडकं लावलं.

"मग मला का नाही विचारलंस?" मार्ना म्हणाली.

"तू हो म्हणाली असतीस."

मार्नाने त्याच्याकडे बघितलं. खोटं बोलत नव्हता तो. वाईटही नव्हता. वाईट असता तर तिला सोपं गेलं असतं. दोन शिव्या घालून मोकळी झाली असती. जिवापाड जपलं होतं त्याने तिला, कपाटात जपतात तसं. तिला त्याची दया आली, आणि दया आली म्हणून राग कमी झाला नाही, उलट अधिक कडू झाला, कारण आता तो घेऊन जायला जागा उरली नव्हती.

"भीती तुला वाटत होती, आस्मुस," ती म्हणाली. "उपाशी मी राहिले."

तो उठला, खुंटीवरचा तिचा कोट काढला आणि पुढे धरला.

"चल, घरी जाऊ."

"घरी काय खाऊ? सुका पाव?" ती बाकाला धरून उभी राहिली. "चौदांचं इन्सुलिन घेऊन बसलेय मी. अंगात आहे ते अजून. तुला जायचं तर जा."

त्याने कोट बाकावर ठेवला. मग मागच्या दाराने बाहेर गेला, आणि खिडकीतून दिसलं की गाडीत जाऊन बसलाय, दिवे न लावता, हात चाकावर ठेवून.

मार्ना सभागृहात आली तशी बोलणी थांबली. चादर नवी होती. ती आपल्या जागी बसली आणि बोटिलाने किटली उचलली. बोटिलाला ओतायची सवय नव्हती. तिच्या हाताने कॉफी बशीत सांडत गेली. मार्नाने क्रिंगल संपवला. मग सफरचंदाचा, मग बदामाचा, मग उरलेले मऊ, ओळीने. कडक आले तेही तिने एकेक करून बशीत घेतले. चौथ्यानंतरच गोडाची शिसारी आली होती. जीभ जड झाली, पोट तटतटलं, पण घाम अजून पुरता वाळला नव्हता आणि थांबून चालणार नव्हतं. आवडीने खायची वेळ एकोणीस वर्षांपूर्वी होती. आता ती औषध घेतात तशी खात होती, आणि साठ माणसं तिच्याकडे न बघायची खटपट करत होती.

शेवटचा केक बोटिलाने स्वतः भाजलेला होता, व्हॅनिलाची कडी. तिने तो मार्नाच्या बशीत ठेवला आणि घाबरत, खालच्या आवाजात विचारलं, "कसा झालाय ग?"

मार्नाने सावकाश चावलं. गिळलं.

"कोरडा," ती म्हणाली, आणि कप पुढे सरकवला.